सोफ्यावरची पर्स

पत्र:

ताई, मी तालुक्याच्या गावी राहते, पंचायत समितीत क्लार्क आहे. मुलगा दहावीला. त्याच्या वर्गातला एक मुलगा वर्षभर संध्याकाळी आमच्याकडे अभ्यासाला येतो. गणितात इतका हुशार की आमच्या चिरंजीवांना तोच शिकवतो म्हटलं तरी चालेल. आडनाव आपल्यातलंच वाटावं असं, त्यामुळे कधी चौकशी केली नाही. दिवाळीत आमच्या कॉलनीतली दोन घरं फोडली. त्यानंतर कुणीतरी सांगितलं की हा मुलगा गावाबाहेरच्या पारधी वस्तीवरचा आहे. आता सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव येणार आहे की वस्तीवरच्या कुणालाही गेटच्या आत घ्यायचं नाही, आणि नावांची यादी करून पोलीस ठाण्यात द्यायची. यादीत या मुलाचंही नाव आहे. आमचे हे म्हणतात, उगाच विषाची परीक्षा कशाला? नाहीतर टेबलावर पाचशेची नोट ठेवून बघू, काय करतो ते. माझे मामा पोलिसात होते. ते म्हणतात, यांच्या रक्तातच असतं. मी सगळ्यांशी भांडले. पण खरं सांगते, परवा तो आला तेव्हा मी सोफ्यावरची पर्स उचलून आतल्या खोलीत ठेवली. त्याने ते बघितलं. त्यानंतर तो आलेला नाही. मी काय करू? आणि मामा म्हणतात त्यात काहीच तथ्य नाही का? (गावाचं नाव छापू नका.)

उत्तर:

आधी ती पाचशेची नोट. ठेवली असेल तर उचला, ठेवली नसेल तर ठेवू नका. मुलाचे बाकीचे मित्र घरी येतात तेव्हा तुमचे यजमान नोटा मांडून बघतात का? या परीक्षेत पास व्हायची सोयच नाही. त्याने नोट घेतली नाही तर यजमान म्हणणार, हुशार आहे, सापळा ओळखला. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ठेवणार.

पर्सबद्दल मी तुम्हाला बोलणार नाही. तो अधिकार मला नाही. मी सोलापूरची. आमच्या शहरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. लहानपणी आजी सांगायची, सायकलवर कुठंही भटक, सेटलमेंटकडे तेवढी जाऊ नकोस. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे वकील झाले. नवी नवी असताना चोरीचा आळ आलेला एक पारधी माणूस अशील म्हणून समोर उभा राहिला, आणि मी त्याला पहिलं वाक्य बोलले ते असं: "खरं सांग, केलंस ना?" त्याआधी माझ्यासमोर कितीतरी अशील येऊन गेले होते. पतसंस्थेत अफरातफर केलेले एक गृहस्थही होते. त्यांना मी खुर्ची दिली होती, 'तुमची बाजू काय' असं विचारलं होतं. या माणसाला खुर्ची दिली नाही, 'अहो' म्हटलं नाही. त्याला रागही आला नाही. रोजचंच असल्यासारखा उभा राहिला. ती केस टिकली नाही, तो सुटला. माझं वाक्य मात्र माझ्याकडेच राहिलं.

तेव्हा पर्स उचलणारा तुमचा हात मला ओळखीचा आहे. तो हात कुणी शिकवला ते सांगते. मामांचं 'रक्तातच असतं' हे वाक्यही त्याच घरचं आहे.

1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा तर्क साधा होता. या देशात धंदा जातीवर चालतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर; मग चोरी हाही काही जातींचा वडिलोपार्जित धंदा असणारच. साहेबाला आपली जातव्यवस्था इतकीच कळली होती, आणि वाईट याचं वाटतं की आपल्यातल्या पुष्कळ शहाण्यांनाही ते पटलं. कायदा आधी उत्तरेत लागू झाला, 1911 मध्ये तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लावला आणि मुंबई इलाखाही त्यात आला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की संपलं. ते जाहीर करणं चूक आहे असं कोर्टात म्हणायची सोय कायद्याने ठेवलीच नव्हती. मग नावनोंदणी, बोटांचे ठसे, ठरावीक वेळी हजेरी, गाव सोडायचं तर पास. नोंद असलेला माणूस कुठं संशयास्पद उभा सापडला आणि तो चोरीच्या बेतात होता असं कोर्टाला वाटलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद. चोरी झालेली असायला हवी अशी अट नव्हती. आणि ज्यांना एका जागी डांबून सुधारायचं ठरवलं त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाच्या वसाहती. त्या वसाहती म्हणजे सेटलमेंट. मुंबई इलाख्यात त्यांचा कारभार स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्याकडे होता, आणि सोलापूरची वसाहत मोठी. तिथली माणसं गिरण्यांत राबायची आणि पुन्हा तारेच्या आत यायची. मुलांना आईबापांपासून वेगळं काढायची सोयसुद्धा कायद्यात होती.

एक गोष्ट नीट बघा. चोरीचा साधा कायदा विचारतो, तू काय केलंस? हा कायदा विचारत होता, तू कुणाच्या पोटी जन्मलास? काल जन्मलेलं पोर, ज्याला अजून मूठ उघडता येत नाही, तेही यादीतल्या जमातीचं. माझ्या आजीने मला सेटलमेंटकडे जाऊ दिलं नाही तेव्हा हा कायदा रद्द होऊन बरीच वर्षं झाली होती. 31 ऑगस्ट 1952 ला तो देशभरातून रद्द झाला. म्हणून त्या जमातींना विमुक्त म्हणायचं, आणि 31 ऑगस्ट हा दिवस ते विमुक्त दिन म्हणून पाळतात. स्वातंत्र्य आपल्याला 15 ऑगस्ट 1947 ला मिळालं. या लोकांना पाच वर्षं आणि सोळा दिवस जास्त थांबावं लागलं. कायदा गेला, त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. कागदावर ते जातीला लागत नाहीत, माणसाला लागतात. पण कागद बदलला म्हणून ठाण्यातल्या जुन्या हवालदाराने नव्याला शिकवायचं थोडंच बदललं? तुमचे मामा वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना जे शिकवलं ते त्यांनी तीस वर्षं केलं, आणि जे तीस वर्षं केलं ते खोटं होतं असं निवृत्तीनंतर कुणाला म्हणवतं?

आता जरा 'गुन्हा' या शब्दाकडेच बघू, कारण सगळी गडबड तिथे आहे. आपल्याला वाटतं गुन्हा म्हणजे दगडावरची रेघ. चोरी ती चोरी, खून तो खून. काही गोष्टींपुरतं ते खरंही आहे. पण बाकीची यादी सारखी पुसली जाते आणि पुन्हा लिहिली जाते. पारध म्हणजे शिकार, हे वेगळं सांगायला नको. फासे लावून तितर, लावे, ससे धरायचे, म्हणून फासेपारधी. शेतात रानडुकरांनी हैदोस घातला की शेतकरी यांनाच बोलावून आणायचे. चित्ते धरून त्यांना शिकारीला तयार करणारे चित्तापारधी तर संस्थानिकांच्या पदरी असायचे. आधी जंगलाचे कायदे आले, मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. आज्यापासून चालत आलेला धंदा एका सहीसरशी गुन्हा झाला. तो कायदा हवाच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की फास काढून घेतला, त्याच्या जागी हातात काही दिलं नाही. आणि ज्यांनी वाघावर पाय ठेवून फोटो काढून घेतले त्यांचे फोटो दिवाणखान्यात लागलेले आहेत; त्यांना कुणी गुन्हेगार जमात म्हटलं नाही.

डोंबाऱ्याचंही तसंच. तुमच्या-माझ्या लहानपणी चौकात दोरीवर चालणारी पोरगी बघायला आपण पैसे टाकले. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यातली भिकेची व्याख्या कधी काढून वाचा. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं अशा कुठल्याही मिषाने सार्वजनिक जागी पैसे मागणं, हे सगळं त्यात बसतं. इतकंच नाही, पोटापाण्याचं साधन दिसत नसताना भटकणंसुद्धा. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरती त्यातली शिक्षेची कलमं रद्द केली.

आणि उमाजी नाईक? रामोशी पुष्कळ गावांची राखण करायचे. राखणीचा हक्क आणि वतनं गेली तसे ते बिथरले. उमाजीला इंग्रजांनी दरोडेखोर ठरवून 1832 मध्ये पुण्यात फाशी दिली. आज सरकारी कार्यक्रमात त्यांच्या तसबिरीला हार घालतात, आद्य क्रांतिकारक म्हणतात. उमाजी बदलले नाहीत, त्यांना तर मरून दोनशे वर्षं व्हायला आली. नाव ठेवणारे बदलले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गुन्हेगार जमातींचा कायदा जोरात असताना, फासेपारध्यांना बोलावून कामाला लावलं आणि आपल्या संस्थानातली जातवार हजेरी बंद केली. म्हणजे 'तेव्हा सगळेच तसं मानायचे' ही सबबही पुरती खरी नाही.

हे झालं कायद्याच्या यादीचं. समाजाची आणखी एक यादी असते, आणि ती कायद्याशी जुळतेच असं नाही. मीटिंगला बसाल तेव्हा मनातल्या मनात मोजा. गणपतीच्या मांडवाला आकडा कुणी टाकला होता? ती वीजचोरी आहे, कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण आपण 'चोरी' म्हणतो का? आकडा म्हणतो. फ्लॅटची किंमत अर्धी कागदावर आणि अर्धी पिशवीत कुणी दिली? त्याला व्यवहार म्हणतो. मुलीच्या लग्नात काय दिलं? 1961 पासून हुंडा देणं-घेणं दोन्ही गुन्हा आहे आणि आपल्याकडे त्याचं नाव 'मानपान'. परवानगी नसताना मजला वाढवला असेल, त्याचं नाव 'ॲडजस्टमेंट'. यांतल्या एकाही कारणासाठी तुमच्या सोसायटीने कुणाला गेटबाहेर ठेवायचा ठराव केला आहे का? उलट एखादी विधवा हळदीकुंकवाला येऊन बसली, किंवा एखाद्या मुलीने जातीबाहेर लग्न केलं, तर बघा कशा माना वळतात. कायद्याच्या कुठल्याही पानावर तो गुन्हा नाही.

दुर्खीम नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एक गमतीची कल्पना मांडली होती. समजा, सगळेच साधुसंत असलेला एक मठ आहे. तिथे काय गुन्हे नसतील? असतील. आपल्याला जी बारीकशी चूक वाटते तिचाच तिथे गवगवा होईल. कुणीतरी चुकीचा ठरल्याशिवाय बाकीच्यांना आपण बरोबर आहोत हे समजतच नाही. तुमच्या कॉलनीतला मठ मला त्यावरून आठवला. आणि अमेरिकेत सदरलँड या समाजशास्त्रज्ञाने 1939 मध्ये ज्या गुन्ह्यांना नाव दिलं, त्यांना मराठीत फार छान शब्द आहे: पांढरपेशांचे गुन्हे. माझ्या त्या पतसंस्थावाल्यांचा गुन्हा तसाच. त्यांनी चारशे घरांचे पैसे बुडवले होते, पण घरफोडी नव्हती ना, कुलूप शाबूत होतं.

बरं. तुम्ही सरळ विचारलंत, काहीच तथ्य नाही का? मी सरळ उत्तर देते. पारधी समाजातली काही माणसं चोऱ्या करतात. करत नाहीत असं म्हणणं खोटं होईल, आणि त्या समाजात काम करणारे कार्यकर्तेही तसं म्हणत नाहीत. जमीन नाही, रेशनकार्ड नाही, गायरानावर पाल ठोकलं की गावाने उठवायचं, शाळेत गेलं की कुणी शेजारी बसायचं नाही, आणि कामाला ठेवायचं तर आधी जात विचारायची. एवढं करून त्यातला कुणी चोर निघाला की आपण म्हणतो, बघा! पण चोरीचं सोनं तो माणूस खात नाही. ते कुठल्यातरी दुकानात, कुणीतरी शहाणा माणूस निम्म्या भावात घेतो, आणि माहीत असून घेतो. तोही कायद्याने गुन्हेगार आहे. तुम्ही कधी ऐकलंत की घरफोडी झाली आणि पहाटे चार वाजता पोलिसांनी बाजारपेठेत कोंबिंग केलं? कोंबिंग होतं ते वस्तीवर. उचलतात तिथून. जिथून उचलतात तिथलीच नावं रजिस्टरला लागतात. आणि पुढच्या वेळी रजिस्टर उघडून बघतात, हो की नाही, यांचीच नावं आहेत!

असं रजिस्टर किती महाग पडतं ते नाशिकच्या एका खटल्यात दिसलं. 2003 मध्ये एका कुटुंबाचं हत्याकांड झालं. भटक्या जमातीचे सहा जण धरले. खालच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या रांगेत उभं केलं. आणि 2019 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारात सहाही जणांना निर्दोष सोडलं. जखमी होऊन वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या फोटो अल्बममधून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. सहा जण सोळा वर्षं आत होते. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी पाच लाख भरपाई मिळाली. बाकी हिशेब तुम्ही करा. आणि हेही लक्षात घ्या की ज्यांनी तो भयानक गुन्हा खरंच केला, ते या सगळ्यात सुटले. मीटिंगमध्ये हा मुद्दा मांडा. न्यायाची भाषा चालली नाही तरी स्वार्थाची चालते. चुकीचा माणूस धरला की बरोबरचा माणूस मोकळा राहतो, आणि तो तुमच्याच कॉलनीत पुन्हा येऊ शकतो.

आता त्या ठरावाकडे येते, कारण त्याला तारीख आहे.

महाराष्ट्रात पारधी, फासेपारधी हे अनुसूचित जमातीत मोडतात. त्यामुळे ॲट्रॉसिटीचा कायदा इथे लागू होतो, आणि 2015 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जाती-जमातीच्या माणसावर किंवा कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालणं, घालण्याची धमकी देणं हा स्पष्टपणे गुन्हा आहे. सहा महिने ते पाच वर्षं. 'वस्तीवरच्या कुणालाही आत घ्यायचं नाही' हे वाक्य इतिवृत्तात लिहून खाली सह्या करणं म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या अक्षरात तयार करणं. यादीचंही तेच. काही दिसलं असेल, ऐकलं असेल, सीसीटीव्हीत असेल, तर ते पोलिसांना जरूर द्या. नुसती जातीवरून केलेली नावांची यादी देऊ नका. खोटी माहिती देऊन या लोकांना पोलिसांचा त्रास झाला तर त्यालाही त्याच कायद्यात कलम आहे. सेक्रेटरींना हे चारचौघांत सुनावू नका, माणूस इरेला पेटतो. आदल्या दिवशी चहाला बोलवा आणि सांगा, "भाऊ, ठरावावर पहिली सही तुमची असणार." बहुतेक ठराव तिथेच विरतो. नाहीच विरला तर तुमचा विरोध नावानिशी इतिवृत्तात नोंदवायला लावा. आणि घरं फोडली गेली ही गोष्ट खरी आहे, लोक घाबरलेत हेही खरं आहे. तेव्हा त्यांच्या हातात काहीतरी द्या. मागच्या गल्लीतला बंद पडलेला दिवा, सुट्टीवर जाणाऱ्या घराची नोंद, रात्रीचा वॉचमन. ठराव यांचे करा की.

पोलीस त्या मुलाला घेऊन गेलेच, तर घाबरून घरात बसू नका. तो अठराच्या आतला आहे. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. अनुसूचित जमातीच्या माणसाला, स्त्रीला आणि मुलाला फुकट वकील मिळायचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 या क्रमांकावर फोन लावा. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतला जातिभेद मोडून काढणारा निकाल दिला, त्यात विमुक्त जमातींच्या लोकांना पोलिसांनी मनमानीने अटक करू नये, हेही सांगितलं आहे. मामांना तो निकाल वाचायला द्या. वाचणार नाहीत, पण द्या.

राहिला तो मुलगा.

तुम्ही त्याच्या घरी जाऊन रडून माफी मागणार असाल तर नका मागू. मग तोच तुम्हाला समजावत बसेल, "नाही काकू, तसं काही नाही." पंधरा वर्षांच्या पोराने तुमच्या मनाचं ओझं का उचलावं? त्याने पर्स बघितली, त्याला कळलं, आणि असं त्याला पहिल्यांदाच कळलं असेल असं समजू नका. दुकानदाराने काउंटरवरची बरणी मागे सरकवलेली, एसटीत शेजारच्या बाईने पिशवी मांडीवर घेतलेली, हे त्याने तिसरी-चौथीपासून पाहिलं असेल. फक्त तुमच्या घरात ते होणार नाही असं त्याला वाटलं होतं. एकच वाक्य बोला, आणि मुलाच्या देखत बोला: "परवा मी पर्स आत नेली ते चुकलं माझं." त्यानंतर लगेच कणीक मळायला घ्या किंवा प्रमेयाचं विचारा. लांबवू नका.

तो परत आला की पर्स पुन्हा मुद्दाम सोफ्यावर मांडायची नाही. ती नोटेचीच धाकटी बहीण झाली. पर्स जिथे असेल तिथे असू दे. काही दिवस तुमचं लक्ष तिच्याकडे जाईल. जाऊ दे. माझंही अजून जातं. त्या पारधी अशिलाची केस होऊन इतकी वर्षं झाली, तरी वस्तीवरचं कुणी ऑफिसात आलं की मी आधी स्वतःला बजावते, खुर्ची दे.

तुमच्या मुलाशी मात्र बोला. त्याने सगळं ऐकलंय, तुम्ही दार लावून भांडलात तरी. त्याला विचारा की मित्राकडे तू कधी गेला आहेस का. वर्षभर तो तुमच्याकडे येतो. वस्ती असून असून किती लांब असेल? एकदा तुम्ही दोघं जा. मुलाला तिथं काय वाटतं ते त्याचं त्याला बघू दे. आणि हो, पत्रात तुम्ही लिहिलंत, 'आडनाव आपल्यातलंच वाटावं असं'. पवार, काळे, भोसले, चव्हाण ही आडनावं त्या समाजातही असतात. ते वाक्य लिहिताना 'आपल्यातलं' म्हणजे कोण कोण, याचा विचार तुमचा तुम्हीच कधीतरी करा. मला कळवायची गरज नाही.

शेवटचं एक काम सांगते, आणि ते तुमच्यासारखीच्याच हातचं आहे. तो दहावीला आहे. जूनमध्ये अकरावीला किंवा डिप्लोमाला त्याला जातीचा दाखला लागेल, पुढे पडताळणी लागेल. आपल्याकडे अनुसूचित जमातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांना तेव्हा एका गावात राहूच दिलं नाही त्यांनी तो आणायचा कुठून? बरीच हुशार पोरं इथे अडतात, गणितात नाही. तुम्ही पंचायत समितीत आहात, अर्ज कसा भरायचा, कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो, हे तुम्हाला झोपेत माहीत आहे. त्याच्या आईवडिलांना कदाचित सहीही येत नसेल. आत्तापासून लागा. आधी त्याच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. नुसतं 'हिंदू' असेल किंवा रकाना कोरा असेल तर शाळा सोडायच्या आत दुरुस्त करून घ्या, नंतर फार जड जातं. मग चुलते, आत्या, कुणी शाळेत गेलं होतं का ते विचारा, रक्ताच्या नात्यातला एक जरी वैध दाखला निघाला तर निम्मं काम होतं. आणि काहीच सापडलं नाही तर जुन्या पोलीस दप्तरात चौकशी करा. त्याच्या पणजोबांचं नाव सरकारी कागदावर कुठे असेलच, तर ते त्या हजेरीच्या रजिस्टरात असेल.